कडू घराण्यातला मामेजवा

गुढीपाडव्याला कडुनिंब-गूळ आणि युगादीला बेवु-बेल्ल खाणाऱ्या आपल्या घरांना कडू चवीचे वावडे नाही. ताप उतरल्यावर तोंडाला चव यावी, भूक लागावी म्हणून किराइताचा काढा देण्याची रीत दोन्ही भाषांच्या घरांत आहे. परंतु मराठी सासूबाई आणि कन्नड सूनबाई यांच्या मनातले किराईत एकच असेल असे नाही. या नावाखाली निदान तीन वेगळ्या वनस्पती वावरतात.

नाव एक, झाडे तीन

पहिले काडेचिराईत. काष्ठौषधींच्या दुकानात सुक्या काड्यांच्या जुड्या मिळतात त्या याच्या. हे हिमालयाच्या थंड उतारावरचे झाड; आपल्या हवेत ते लावण्याच्या फंदात पडू नये. दुसरे ओले किराईत, म्हणजेच कन्नडमधील नेलबेवु. 'नेल' म्हणजे जमीन, 'बेवु' म्हणजे कडुनिंब. जमिनीवरचा कडुनिंब हे नाव किती समर्पक! मात्र हे अडुळशाच्या कुळातले आहे. काडेचिराइताशी त्याचे नाते फक्त चवीपुरते.

तिसरा मामेजवा. शास्त्रीय नाव एनिकोस्टेमा ॲक्झिलेरी. गुजरातीत मामेजवो, तमिळमध्ये वेळ्ळरुगु आणि हिंदीत छोटा चिरायता. काडेचिराइताचा खरा भाऊबंद हाच, कारण दोघेही जेन्शियन कुळातले. युरोपच्या पर्वतांवरील निळ्या-पिवळ्या जेन्शियन फुलांचेही हेच घराणे. त्याला प्राचीन इलिरिया देशाच्या जेन्शियस राजाचे नाव मिळाले आहे. तोंड आले की लावतात ते जांभळे 'जेन्शियन व्हायोलेट' मात्र या फुलांपासून होत नाही. तो कृत्रिम रंग आहे, फुलाच्या रंगावरून त्याला नाव पडले एवढेच.

ओळखावा कसा?

मामेजवा वीतभर ते फूटभर उंच वाढतो. पाने अरुंद, समोरासमोर, बिनदेठाची, तीन ठळक शिरांची. प्रत्येक पेरावर पानांच्या बगलेत पाच पाकळ्यांच्या बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. नेलबेवुची फुले याउलट विरळ फांद्यांच्या शेंड्याकडे येतात, त्यांवर जांभळट खुणा असतात आणि फळ जवाच्या दाण्यासारखे लांबट असते. एवढे पाहिले तरी घोटाळा होणार नाही.

लागवड

मामेजवा बहुवर्षायू आहे. एकदा रुजला की बुडख्यातून पुन्हा फुटतो. बी मात्र धुळीसारखे बारीक. बोंडे तपकिरी झाली की खाली कागद धरून ती हलकेच झटकावीत. बी चिमूटभर बारीक वाळूत मिसळून जूनच्या सुरुवातीला पसरट कुंडीत भुरभुरावे. वर माती लोटू नये. हाताने नुसते दाबावे. झारीची धार बियांना वाहून नेते, म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल द्यावी. उगवणीची घाई करू नये. रोपांना चार-सहा पाने आली की ती आठ-दहा इंची कुंडीत हलवावीत.

माती निचऱ्याची हवी. माळव्यात देवास जिल्ह्यातील हाटपिपल्याकडे आणि आपल्याकडे बैलहोंगल-सौंदत्तीच्या पट्ट्यात काळी माती आहे. ती पाणी धरून ठेवते आणि कुंडीत मुळे कुजतात. अशा ठिकाणी तांबडी माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. खानापूरकडच्या तांबड्या मातीत खत घातले तरी पुरे. जागा भरपूर उन्हाची असावी आणि वरचा थर सुकल्याशिवाय पाणी देऊ नये. फुले-बोंडे होऊन गेली की चार बोटे बुडखा ठेवून वरचा भाग छाटावा.

दोन गोष्टी सांभाळा

औषधात मामेजव्याचे पंचांग वापरतात, म्हणजे मूळ, खोड, पान, फूल, फळ सगळेच. त्यामुळे रानातून तो मुळासकट उपटला जातो. बी पडण्याआधीच उपटला तर पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार? आपल्या नातलगांपैकी कोणी इंदूर-देवास-धारकडे असेल तर त्यांच्याकडे 'छोटा चिरायता' या नावाने चौकशी करावी. पण मागवावे ते बी, उपटलेले झाड नव्हे. उपटलेले जुने झाड कुंडीत जगेलच असे नाही, बी मात्र शेकडो रोपे देते. रानातूनही दोन-चार बोंडेच घ्यावीत, बाकीची तिथेच राहू द्यावीत.

दुसरी गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. मामेजव्यातील स्वर्टियामारिन या कडू द्रव्याने प्राण्यांवरील प्रयोगांत रक्तातील साखर उतरल्याचे दिसले आहे. म्हणून मधुमेहावर त्याचा गाजावाजा होतो. पण ज्यांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी वर हा काढा घेतला तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते. घाम, थरथर, भोवळ ही त्याची लक्षणे. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा नको आणि गोळ्या बंद करणे तर मुळीच नको. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनाही तो स्वतःच्या मनाने देऊ नये.

काढा केलाच पाहिजे असे नाही. तुळशीशेजारी एका कुंडीत मामेजवा, दुसरीत नेलबेवु लावावा आणि मुलांना दोन्ही भाषांतली नावे सांगावीत. दोन झाडांतला फरक ज्या मुलाला कळला, ते उद्या दुकानातून चुकीची जुडी आणणार नाही.