निर्देशिका, नाव आणि स्थलांतर : ‘टाकवे बुद्रुक’च्या निमित्ताने

मावळ तालुक्यात टाकवे या नावाची दोन गावे आहेत. एक टाकवे बुद्रुक आणि दुसरे टाकवे खुर्द. ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर, वडील या शब्दाचे मराठीत रुळलेले रूप होय. ‘खुर्द’ म्हणजे लहान, धाकटा. नावे पडली तेव्हा या विशेषणांना तुलनेचा अर्थ होता. आज तो कोणाच्या मनात नसतो. टाकवे बुद्रुकला जाणारा मनुष्य थोरल्या गावाला जात नाही, तो फक्त ‘खुर्द नव्हे त्या’ गावाला जातो. अर्थ मावळला आणि भेद दाखविण्याचे कार्य तेवढे उरले, अशी ही स्थिती आहे. आंदर मावळातील या गावाच्या परिसरात आता कारखाने उभे राहिले आहेत. कारखाना म्हटला की संगणकांचे जाळे आले, आणि जाळे आले की एकाच नावाची दोन माणसे वेगळी कशी ओळखावीत हा जुनाच प्रश्न नव्या वेषात पुढे येतो. त्या प्रश्नाची उकल करणाऱ्या व्यवस्थेस निर्देशिका-सेवा म्हणतात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने तिच्याकडे लक्ष द्यावे असे तिच्यात बरेच काही आहे.

‘निर्देशिका’ हा शब्द आपल्याला जनगणनेच्या जिल्हा-पुस्तिकांतील ग्राम-निर्देशिकेमुळे परिचित आहे. संगणकाच्या जाळ्यातील निर्देशिका ही तशीच एक सूची आहे. तीत माणसे, त्यांचे गट, यंत्रे, छपाईची साधने यांच्या नोंदी असतात. मात्र ही सूची केवळ वाचण्यासाठी नसते. कर्मचारी सकाळी संगणकासमोर बसून नाव आणि संकेतशब्द देतो तेव्हा ‘हा कोण?’ या प्रश्नाचे उत्तर निर्देशिका देते. तो एखादी फाइल उघडू पाहतो तेव्हा त्याला तो अधिकार आहे की नाही, हे तिच्याच आधारे ठरते. म्हणून तीतील चूक ही छापील सूचीतील मुद्रणदोषासारखी निरुपद्रवी नसते. नोंद बिघडली की माणूस दाराबाहेर राहतो.

या सेवांचा पाया १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एक्स-५०० या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी घातला. ती योजना फार जड होती. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात तिचे हलके रूप तयार झाले, ते एल-डॅप. मायक्रोसॉफ्टने २००० साली विंडोजबरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आणली आणि कार्यालयांतून व कारखान्यांतून पुढे तीच सर्वाधिक परिचित झाली.

निर्देशिकेची रचना वृक्षासारखी असते. मुळाशी संस्था, तिच्या शाखा, शाखांच्या उपशाखा आणि टोकाला व्यक्ती. प्रत्येक नोंदीचे पूर्ण नाव म्हणजे टोकापासून मुळापर्यंतचा मार्ग. एल-डॅपमध्ये हे नाव लिहिताना आधी व्यक्ती, मग विभाग, शेवटी संस्था असा क्रम असतो. म्हणजे पाकिटावर आपण नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहितो तोच. (एक्स-५००चा औपचारिक क्रम याच्या उलट, मुळाकडून टोकाकडे होता. टपाली क्रम टिकला याचे मला नवल वाटत नाही.) नियम एकच : एका शाखेखाली सख्ख्या दोन नोंदींचे नाव सारखे असता कामा नये. निरनिराळ्या शाखांत ते खुशाल सारखे असावे. वडगाव नावाची गावे दोन तालुक्यांत असली तर तालुका सांगून भागते. परंतु टाकवे हे एकाच तालुक्यात दोन ठिकाणी आहे. तेथे ‘तालुका मावळ’ कितीही वेळा लिहिले तरी भेद होत नाही, भेदक शब्द नावातच घालावा लागतो. बुद्रुक आणि खुर्द ही पदे हेच काम करतात. कारखान्यांत आद्याक्षर आणि आडनाव जोडून ओळखनाव करण्याची रीत आहे. पंचक्रोशीतून येणाऱ्या कामगारांत एकाच आडनावाचे अनेक जण असल्याने ती फार दिवस पुरत नाही, आणि मग एक, दोन, तीन असे आकडे लागू लागतात. आकड्यांत वडीलधाकटेपणा नसतो, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

पूर्ण नाव हा मार्ग असल्यामुळे एक अडचण निर्माण होते. वरची शाखा बदलली की खालच्या प्रत्येकाचे पूर्ण नाव बदलते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तेथील गावे जागची हलली नाहीत, पण त्यांचे पूर्ण नाव बदलले. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले तेव्हा शाखा तीच राहिली व तिचे नाव पालटले. परिणाम खालच्यांच्या दृष्टीने एकच. अशा स्थितीत एखाद्याचा हक्क जर त्याच्या नावाला बांधलेला असेल, तर नामांतराबरोबर तो हक्कही गळून पडेल. म्हणून २०११च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिलेला आहे, आणि म्हणूनच निर्देशिकेतही नावाखाली दडलेली दुसरी ओळख असते.

पतंजलीने महाभाष्यात शब्दांची चतुर्विध प्रवृत्ती सांगितली आहे : जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द आणि यदृच्छाशब्द. ‘डित्थ’सारखे, कोणताही गुण वा क्रिया न सांगता केवळ ठेवले म्हणून चालणारे नाव ते यदृच्छाशब्द. मानवी नावे या वर्गात पूर्णपणे बसत नाहीत. त्यांत कूळ, गाव, वडिलांचे वा पतीचे नाव, कधी मानही शिरतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतील सुरक्षा-अभिज्ञान, ज्याला व्यवहारात एसआयडी म्हणतात, त्यात यातले काही नसते. त्यात एक भाग क्षेत्राचा म्हणजे डोमेनचा आणि दुसरा त्या क्षेत्रातील क्रमांकाचा असतो. एकदा दिलेला क्रमांक त्या क्षेत्रात पुन्हा दिला जात नाही. फाइलीवरील अधिकारपत्रात कोणाचेही नाव नसते, हे अभिज्ञानच असते. पडद्यावर दिसणारे नाव ही वाचकासाठी केलेली सोय होय.

याचा सामाजिक अर्थ मोठा आहे. आपल्याकडे विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलण्याची चाल आहे, क्वचित पहिले नावही बदलते. प्रशासकाने तिच्या नोंदीचे नाव पालटले तर अभिज्ञान तेच राहते आणि तिचे सर्व अधिकार शाबूत राहतात. परंतु जुनी नोंद काढून नव्या नावाची नोंद केली, तर पडद्यावर सर्व ठीक दिसूनही ती यंत्राच्या लेखी नवागत ठरते, आणि स्वतः लिहिलेली कागदपत्रे तिला उघडता येत नाहीत. हाच प्रकार उलट दिशेनेही घडतो. सेवानिवृत्ताची नोंद काढून त्याच नावाचा दुसरा मनुष्य घेतला, तरी पहिल्याचे अधिकार दुसऱ्याला मिळत नाहीत. नाम आणि नामी यांचा संबंध येथे नावाने ठरतच नाही.

आता स्थलांतराकडे वळू. कल्पना करा, टाकव्यातील एक लहान कारखाना मोठ्या कंपनीने घेतला आणि त्याची निर्देशिका मोठ्या निर्देशिकेत विलीन करावयाची आहे. अभिज्ञानाचा एक भाग क्षेत्राचा असल्याने क्षेत्र बदलताच नवे अभिज्ञान मिळणे अटळ आहे. शेकडो फाइलींवरील जुनी अधिकारपत्रे मात्र जुन्या अभिज्ञानांनी भरलेली असतात. यावर योजलेला उपाय भाषिकदृष्ट्या मनोरंजक आहे : नव्या नोंदीत ‘पूर्वाभिज्ञान’ साठविण्याचा एक रकाना असतो. लग्नानंतर जसे ‘पूर्वाश्रमीच्या’ असे म्हणून माहेरचे आडनाव सांगतात, तसेच हे. प्रवेश करताना मनुष्य नव्या ओळखीबरोबर जुनीही दाखवितो आणि जुनी दारे उघडतात.

हा रकाना तात्पुरता पूल आहे, कायमचा रस्ता नव्हे. ज्याला तो लिहिता येतो त्याला दुसऱ्या कोणाचेही पूर्वाभिज्ञान स्वतःच्या नावावर चढविता येईल, यासाठीच क्षेत्राक्षेत्रांमधील विश्वाससंबंधात अशी अभिज्ञाने गाळून टाकणारी चाळणी असते. स्थलांतरापुरती ती विचारपूर्वक सैल करावी लागते. गट आधी न्यावेत, माणसे मागून. मग साधनांवरील अधिकारपत्रे नव्या अभिज्ञानांनी पुन्हा लिहावीत, आणि सर्वांत शेवटी पूर्वाभिज्ञाने पुसावीत. शेवटची पायरी बहुधा राहून जाते, कारण तोवर काम सुरळीत चाललेले असते आणि कोणाची तक्रार नसते. संकेतशब्दांची गोष्ट निराळी. ते निर्देशिकेत मूळ रूपात नसतात, त्यांचे उलट न फिरविता येणारे रूपांतर तेवढे असते. नव्या व्यवस्थेची रूपांतराची पद्धत वेगळी असेल तर सर्वांना नवा संकेतशब्द घ्यावा लागतो, आणि त्या सकाळी कामगारांच्या पाळीच्या वेळी मदतीला कोण उभे राहणार हे आधी ठरवावे लागते.

अन्य एल-डॅप निर्देशिकांत आणखी एक धोका आहे. तेथे गटाच्या सदस्यांची यादी पुष्कळदा पूर्ण नावांच्या साध्या मजकुराने लिहिलेली असते. व्यक्तीची नोंद दुसऱ्या शाखेत गेली तरी यादीत जुनेच नाव राहते. म्हणून संदर्भ-शुद्धी राखणारी जोड-व्यवस्था आधी चालू करावी लागते.

मराठी नावांचा प्रश्न शेवटी लिपीशी येऊन ठेपतो. १९९७च्या तिसऱ्या आवृत्तीपासून एल-डॅपमध्ये युनिकोड, म्हणून देवनागरीही, लिहिता येते. पण ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, किंवा साध्या र-नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या नियमानुसार शब्दांची तुलना करण्यापूर्वी अशी अदृश्य चिन्हे गाळली जातात. हा नियम तंतोतंत पाळणाऱ्या निर्देशिकेत दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या दऱ्या तुलनेत ‘दर्या’ ठरतात, आणि आचाऱ्यास दिलेला निरोप आचार्यास जातो. विनोद बाजूस ठेवला तरी गोऱ्हे, कुऱ्हाडे या आडनावांची माणसे त्यामुळे शोधात सापडत नाहीत, अथवा दोन सूची जुळविताना एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. रोमन लेखनाने हे संकट टळते असेही नाही. ‘टाकवे’ हेच नाव कोणी व्ही घालून लिहितो, कोणी डब्ल्यू घालून, कोणी मधे जादा ए घालतो.

तेव्हा दोन निर्देशिका जुळविताना नावावर भिस्त ठेवू नये, कर्मचारी-क्रमांकावर जुळवणी करावी. देवनागरी नावे असल्यास स्थलांतरापूर्वीच ती सर्व ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने एकरूप करून घ्यावीत, आणि जुळवणीत उरलेल्या नोंदी त्या त्या माणसाला विचारून हातानेच मिटवाव्यात.