भट्टीत न जाणारी चुनखडी

शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत पुरती भाजली, तर हाती येतो 56 किलो चुना. उरलेले 44 किलो धुराड्यातून हवेत जातात, कार्बन डायऑक्साइड होऊन. हा कोळशाचा धूर नव्हे. हा वायू दगडातच होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातल्या शिंपल्यांनी आणि सूक्ष्म जिवांनी पाण्यात विरलेला कार्बन आपापल्या कवचांत कोंडला, त्या कवचांचे थर साचून चुनखडी झाली, आणि सिमेंटचा कारखाना तो कार्बन बघता बघता मोकळा करतो. उद्या भट्टी निव्वळ उन्हावर चालवली, तरी हे 44 किलो सुटणारच. माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या खात्यावर आहे, आणि त्यातला निम्म्याहून जास्त या दगडातून निघतो.

म्हणजे क्लिंकरच कमी वापरायला हवं. चुनखडी आणि माती 1450 अंशांच्या आसपास भाजून निघणारे करडे खडे म्हणजे क्लिंकर; जिप्समबरोबर ते दळले की सिमेंट. त्यात औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळण्याची रीत आपल्याकडे चांगली रुळली आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघरच्या धरणाच्या काँक्रीटमध्ये तर सिमेंटपेक्षा राखच जास्त! सिमेंट पाण्याशी जुळताना थोडा चुना सुटा राहतो. राखेतली सिलिका त्याला धरते आणि त्याचाही दगड करते. पण राख येते कोळशाच्या पाठीमागून. कोळसा बंद करायचा आणि घरं राखेवर बांधायची, हे फार दिवस जमणारं नाही.

माती मात्र मुबलक आहे. उष्ण आणि पावसाळी मुलखात खडक कुजून केओलिनची, म्हणजे चिनी मातीच्या जातीची माती होते. ती साधारण 800 अंशांवर भाजली की तिच्यातून कार्बन नाही, पाण्याची वाफ निघते. तिच्या स्फटिकांची शिस्त मोडते आणि ती चुन्यासाठी वखवखते. ताप जास्त झाला तर ती पुन्हा नवी शिस्त धरते आणि निकामी होते. आपल्या वाड्यांच्या चुन्यात कालवलेली सुरखी, म्हणजे भाजल्या विटांची पूड, याच जातीची. घाणीवर चुना मळणाऱ्यांना स्फटिक ठाऊक नव्हते, पण गुण पक्का ठाऊक होता.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या कॅरेन स्क्रिव्हनर आणि क्युबातले फर्नांदो मार्तिरेना यांनी पुढचं पाऊल टाकलं. दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटीही या कामात उतरल्या. त्यांच्या सिमेंटचं नाव एलसी-3. प्रमाण साधारण असं: क्लिंकर 50 टक्के, भाजलेली माती 30, जिप्सम 5, आणि उरलेले 15 टक्के चुनखडी. तीच चुनखडी, पण कच्ची, नुसती दळलेली!

मला सगळ्यात नवल वाटतं ते इथं. एरवी सिमेंटमध्ये कच्ची चुनखडी वाढवत गेलं की ताकद घटत जाते. इथं भाजलेल्या मातीतलं ॲल्युमिनियम तिच्याशी जमवून घेतं, दोघांची नवी खनिजं तयार होतात आणि काँक्रीटमधली बारीक छिद्रं बुजवतात. निम्मं क्लिंकर काढूनही ताकद नेहमीच्या सिमेंटच्या तोडीची येते आणि कार्बन सुमारे 30 ते 40 टक्के वाचतो. मातीही अव्वल लागत नाही. कपबश्यांना चालत नाही म्हणून खाणीच्या कडेला टाकलेला ढीगही चालतो.

खोडी आहेतच. भाजलेली माती पाणी पिते, त्यामुळे माल घट्ट होतो. मग साइटवर कुणीतरी पाइप उचलून वरून पाणी सोडतो, आणि प्रयोगशाळेतली सगळी मेहनत त्या पाण्यात जाते. खरं तर तिथं माल सैल करणारं रसायन हवं. सुटा चुना कमी उरल्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइडही अशा काँक्रीटमध्ये लवकर शिरतो, म्हणून आतलं लोखंड गंजू नये यासाठी त्याच्यावरचं काँक्रीटचं कव्हर आणि क्युरिंग यांत कसूर चालत नाही. उलट समुद्राच्या खाऱ्या हवेतल्या क्लोराइडला हे काँक्रीट कितीतरी कमी दाद देतं. आपल्या किनाऱ्याला ते मानवेल, असं मला तरी वाटतं.

भारतीय मानक ब्युरोनं 2023 साली या सिमेंटचं मानक काढलं, आयएस 18189. कागदपत्रांचा अडसर त्यामुळे सरला. उरला रंगाचा. मातीत लोह असलं की भाजल्यावर ती तांबूस होते, आणि तांबूस सिमेंट दिसलं की गिऱ्हाईक भेसळ म्हणून पोतं परत करतं. म्हणून आता कारखान्यात ती माती थंड करताना तिला प्राणवायू मिळू देत नाहीत. लोह काळं पडतं, आणि सिमेंट दिसतं नेहमीसारखं करडं.