बाग कुणाची?

एका रविवारी आम्ही घरचे सातजण कल्याणहून लोकलनं ठाण्याला आलो आणि तिथून रिक्षा करून कोलशेतला गेलो. २०२४ साली खुलं झालेलं सेंट्रल पार्क बघायचं, हा नातवाचा हट्ट होता. सुमारे वीस एकरांच्या या उद्यानात वास्तुरचनाकारांनी मुघल, मोरोक्कन, चिनी आणि जपानी धर्तीच्या बागा रचल्या आहेत.

मुघल बागेपाशी नातू थबकला. म्हणाला, "नाना, ही आपली बाग का?" शाळेत काहीतरी ऐकून आला असावा. मी उत्तर टाळून त्याला चारबागेची गोष्ट सांगू लागलो.

ही रचना मुळात इराणची, मुघलांच्याही कितीतरी आधीची. कोरड्या मुलखात पाणी हीच दौलत. म्हणून एकमेकांना छेदणारे दोन पाट काढायचे. जमिनीचे आपोआप चार भाग पडतात. वाफे वाटेपेक्षा खोल ठेवायचे, म्हणजे उतारानं पाणी मुळांशी जातं आणि फुलं चालणाऱ्याच्या पायाशी येतात. कुराणातल्या स्वर्गातही पाणी, दूध, मद्य आणि मध यांच्या नद्या आहेत. आपल्या महाराष्ट्रात ही रचना पाहायची तर बिबी का मकबऱ्याला जावं. आणि 'बाग', 'हौद', 'गुलाब' हे शब्द फारसी-अरबीतून येऊन मराठीत असे रुजले, की त्यांना आता कुणी गाव विचारत नाही.

मोरोक्कोचे कारागीर रंगीत, चकचकीत फरशी हातोडीनं बारीक फोडतात आणि त्या तुकड्यांतून चांदण्या जुळवतात. स्पेनमध्ये गाउदी या वास्तुकारानं १९०० ते १९१४ या काळात बार्सिलोनात पार्क गुएल उभारलं. तिथला नागमोडी बाक फुटक्या फरश्यांनी मढवला गेला. वर पडणारं पावसाचं पाणी खालच्या खांबांच्या पोटातून टाक्यात साठेल, अशीही सोय केली.

एवढं ऐकूनही नातवाचा प्रश्न तसाच. तेव्हा गुडघे चोळत बसलेली त्याची नानी म्हणाली, "जिथं बसायला जागा मिळते, ती आपली. बस आता, डबा उघडते." शेजारच्या बाकावरच्या आजीबाई हसल्या. आमच्या डब्यातला शिरखुर्मा तिकडे गेला, त्यांची थालीपिठं इकडे आली.

संध्याकाळी घरी आल्यावर नातू गच्चीवर गेला आणि उकिडवा बसून खालचे पांढरे तुकडे बोटानं चाचपू लागला. याला आपण चायना मोझॅक म्हणतो. चकचकीत तुकडा पाणी शोषत नाही, लहान असल्यानं उतारावर नीट बसतो आणि पांढरा असल्यानं ऊन परतवतो. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या किती गच्च्यांवर तो आहे!

"नाना, हेपण फोडूनच लावलंय?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "आणि इतकी वर्षं त्यानं आपलं छप्पर गळू दिलं नाही."