५७ किलोंचा पैलवान, ३७ सेकंदांचा जलतरणपटू

कराडला लागून असलेल्या गोळेश्वरहून पेठ-इस्लामपूरला जायला फार तर तासभर लागतो. वाटेत सातारा जिल्हा संपतो आणि सांगली सुरू होतो. दोन्ही बाजूंना ऊस, मधून महामार्ग. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक या रस्त्याच्या एका टोकाला आलं आणि पॅरालिम्पिकमधलं देशाचं पहिलं सुवर्ण दुसऱ्या टोकाला. २०११ च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सुमारे ५८ लाख होती, देशाची १२१ कोटी. म्हणजे शंभर भारतीयांत आपला अर्धा माणूससुद्धा भरत नाही. तरी हे दोन्ही पहिले मान आपल्याच मातीत आले.

पहिला मान १९५२ चा. हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये ६९ देश उतरले होते. भारताचे ६४ खेळाडू गेले आणि दोन पदकं घेऊन आले. हॉकीचं सुवर्ण सगळ्यांना अपेक्षितच होतं. दुसरं कांस्य होतं, ५७ किलो वजनगटातल्या खाशाबा जाधवांचं.

त्या काळी देशाची लोकसंख्या ३६ कोटी होती, यजमान फिनलंडची अवघी ४० लाख. फिनलंडनं २२ पदकं मिळवली. लोकसंख्येच्या त्याच हिशेबानं भारताच्या वाट्याला १,९८० पदकं यायला हवी होती. त्या ऑलिम्पिकमध्ये सगळ्या देशांना मिळून पदकं वाटली गेली ती ४५९! पदकं माणसांच्या संख्येवर पिकत नाहीत, हे एवढ्या एका गणितावरून कळतं. ती कशावर पिकतात ते कळायला खाशाबांचा प्रवासखर्च पाहावा लागतो.

१९४८ मध्ये लंडनला ते ५२ किलो गटात सहावे आले होते. लाल मातीत तयार झालेल्या पैलवानानं मॅटवर मिळवलेला हा सहावा क्रमांक होता. तरीही हेलसिंकीला जायचं तर पैशांची जुळवाजुळव त्यांची त्यांनाच करावी लागली. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी पदक हाती आलं. खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्या त्यांच्या मिरवणुकीत होत्या. पुढे त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, त्यांत स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून गुरुजींचं गहाण पडलेलं घर सोडवलं.

यानंतरचा आकडा मला आजही अस्वस्थ करतो. भारताचं पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक लिअँडर पेसनं १९९६ मध्ये जिंकलं. मध्ये ४४ वर्षं गेली, दहा ऑलिम्पिक स्पर्धा झाल्या. त्या दहांत आपल्याला जी पदकं मिळाली ती सारी हॉकीची होती. ते पुढचं पदक पाहायला खाशाबा उरले नव्हते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कारही त्यांना मरणोत्तर मिळाला.

दुसरा मान मुरलीकांत पेटकरांचा. सैन्यात ते मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचार म्हणून ते पोहायला लागले. ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार केली. त्यांच्या गटातला तो जागतिक विक्रम होता.

३७.३३ सेकंद म्हणजे किती? सेकंदाला सुमारे १.३४ मीटर, ताशी ४.८ किलोमीटर. धडधाकट माणूस रस्त्यानं झपझप चालतो तो हाच वेग. पेटकरांनी तो पाण्यात, केवळ हातांच्या बळावर गाठला. त्याच महिन्याच्या अखेरीस म्युनिकचं ऑलिम्पिक सुरू झालं. तिथे मार्क स्पिट्झनं १०० मीटर फ्रीस्टाइल ५१.२२ सेकंदांत जिंकली. अंतरं वेगळी असली तरी सरासरी वेग ताडून पाहा: स्पिट्झच्या दोन तृतीयांशाहून अधिक वेगानं पेटकर पोहले होते, पायांची साथ नसताना.

भारताला पॅरालिम्पिकचं पुढचं सुवर्ण २००४ मध्ये मिळालं, ३२ वर्षांनी. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, ४६ वर्षांनी. रिओपर्यंतच्या सगळ्या पॅरालिम्पिकमध्ये मिळून आपली पदकं होती १२. नंतर एकट्या टोकियोत १९ आली, पॅरिसमध्ये २९. सराव, प्रशिक्षक आणि पैसा पाठीशी उभा राहिला की आकडे असे उसळतात.

या पट्ट्यातली गुणी पोरं कधीच संपली नव्हती. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरनं २०१६ मध्ये रिओत ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला त्याआधी ३२ वर्षांपूर्वी दिसली होती, पी. टी. उषा. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकूण २४८ किलो उचलले. सुवर्ण गेलं २४९ किलोंना. फरक साखरेच्या एका पुड्याएवढा. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीचा गोळा २०२४ मध्ये पॅरिसला १६.३२ मीटरवर पडला, सुवर्णविजेत्याचा १६.३८ मीटरवर. हातभरही नाही, तीन-चार बोटांचं अंतर.

एक किलो आणि सहा सेंटिमीटर. वेळेवर मिळालेला खुराक, चांगला प्रशिक्षक, दुखापतीवरचे उपचार यांचं मोल अशाच फरकांत दिसतं. आणि ते मिळालं नाही तर काय होतं, ते ४४ आणि ३२ वर्षांच्या रिकाम्या जागा सांगतात.

१५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस आता महाराष्ट्राचा क्रीडादिन आहे. त्या दिवशी फोटोला हार जरूर घाला. पण गावच्या तालमीत, तलावावर, शाळेच्या मैदानात एकदा चक्करही मारा. एखादं पोर जीव तोडून सराव करताना दिसलं, तर त्याला काय कमी पडतंय ते विचारा. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं होतं. आपण त्याच्या खुराकाचा महिन्याचा खर्च तरी उचलू या.