वार्धक्यातील योगाभ्यास

वार्धक्यातील योगाभ्यास : साठीनंतरच्या वयात शरीराच्या बदललेल्या क्षमतेस अनुसरून केलेला आसने, श्वसनक्रिया, विश्रांती व ध्यान यांचा नियमित अभ्यास. तरुणाचा योग आणि वृद्धाचा योग यांत तत्त्वतः भेद नाही. निवड, मात्रा आणि पूर्वतपासणी या तीन बाबतींत मात्र तो मोठा आहे. प्रस्तुत नोंदीत हा विषय मुख्यतः चंद्रपूर व गडचिरोली या पूर्व विदर्भातील वनबहुल जिल्ह्यांच्या संदर्भात मांडला आहे. योगविषयक पुस्तके बहुधा शहरातील बैठ्या जीवनाचा वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिली जातात. या जिल्ह्यांतील वृद्धाचे शरीर, हवा व दिनक्रम वेगळा असल्याने त्या पुस्तकांतील नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

वृद्धांनी योग करावा की नाही, याविषयी परंपरेत संदेह आढळत नाही. पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थिरता व सुख या दोनच गोष्टींचा उल्लेख केला आहे. सु. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिका या ग्रंथात वृद्ध, अतिवृद्ध, रोगी आणि दुर्बळ यांनाही अभ्यासाने सिद्धी मिळते असे प्रतिपादन आहे. त्याच ग्रंथात प्राणायामाविषयी एक इशाराही आहे : सिंह, हत्ती व वाघ जसे हळूहळू वश करावे लागतात तसाच वायूही सावकाश वश करावा, अन्यथा तो साधकाचाच घात करतो. वाघांच्या या प्रदेशात हा दृष्टांत कोणाला उलगडून सांगावा लागत नाही.

आधुनिक काळात महाराष्ट्रात योगाची शास्त्रीय तपासणी लवकर सुरू झाली. श्रीयोगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत ‘द योग इन्स्टिट्यूट’ ही संस्था काढली. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने यौगिक क्रियांचे प्रयोग केले व योगमीमांसा या नियतकालिकातून ते प्रसिद्ध केले. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी खुर्ची, पट्टा, ठोकळा, लोड यांचा आधार घेऊन आसने करण्याची पद्धत विकसित केली. वृद्धांच्या दृष्टीने हे कार्य सर्वांत उपयुक्त म्हणावे लागेल. विदर्भात जनार्दनस्वामी (१८९२–१९७८) यांनी १९५१ मध्ये नागपुरास योगाभ्यासी मंडळ स्थापन केले. त्यांच्या विनामूल्य वर्गांतून सोप्या सांघिक आसनांचा प्रसार गावोगावी झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील खेड्यांत याहून जुनी सवय आहे ती तुकडोजी महाराजांच्या (१९०९–६८) प्रेरणेने चालणाऱ्या सामुदायिक ध्यानाची व प्रार्थनेची. चिमूर परिसरातील अरण्यात महाराजांनी साधना केली होती. प्रार्थनेसाठी रोज ठरलेल्या वेळी शांतपणे बसणारा वृद्ध योगाचे एक अंग आधीच आचरत असतो. त्यास आरंभापासून शिकविण्याची गरज नसते.

*रक्तदाब व पक्षाघात* : या प्रदेशात योगशिक्षकाने प्रथम ज्याचा विचार करावा अशी बाब म्हणजे रक्तदाब. गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतील मृत्यूंची दोन वर्षे नोंद ठेवली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार मृत्यूच्या कारणांत पक्षाघात (लकवा) पहिल्या क्रमांकावर होता, सु. १४ टक्के मृत्यू त्याने झाले होते. हिवताप, कुपोषण व बालमृत्यू यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याविषयीचा हा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. पक्षाघाताचे प्रमुख कारण वाढलेला रक्तदाब हे असून तो बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. म्हणून ज्याचा रक्तदाब कधीच मोजलेला नाही अशा वृद्धास योगवर्गात थेट उभे करणे धोक्याचे ठरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात दोन वेगवेगळ्या दिवशी दाब मोजून घ्यावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास खर्रा किंवा तंबाखू घेऊ नये, कारण निकोटिनाने दाब व नाडीचा वेग तात्पुरता वाढतो. वरचा दाब १८० किंवा खालचा ११० मिमी. किंवा त्याहून अधिक असल्यास आसने पुढे ढकलून उपचार आधी सुरू करावेत.

योगाने रक्तदाब काही अंशी उतरतो, हे अनेक प्रयोगांत आढळले आहे. तथापि ही घट औषधाची जागा घेण्याइतकी नसते. ‘आता योग करतो, गोळी कशाला’ हे उद्गार सर्वत्र ऐकू येतात आणि त्यांची किंमत कधी कधी अर्ध्या अंगाने मोजावी लागते. औषध कमी करावयाचे झाल्यास ते डॉक्टरांनी, दाब मोजूनच करावे.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. वृद्धांमध्ये, विशेषतः रक्तदाबाची किंवा प्रोस्टेट ग्रंथीच्या विकाराची औषधे घेणाऱ्यांत, झोपलेल्या स्थितीतून एकदम उभे राहिल्यास दाब उतरून घेरी येते. शवासनानंतर कुशीवर वळावे, हाताच्या आधाराने बसावे, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मगच उठावे. वर्ग सुटताना होणारी घाई हीच पडण्याची वेळ असते.

*आसनांची निवड* : डोके खाली व पाय वर करण्याची आसने साठीनंतर नव्याने शिकू नयेत. शीर्षासनात डोळ्यांतील दाब सु. दुप्पट होतो, असे चेन्नईच्या नेत्रतज्ञांनी २००६ मध्ये दाखविले. काचबिंदू असलेल्यास यामुळे दृष्टी गमवावी लागण्याचा संभव असतो आणि खेड्यातील कित्येक वृद्धांना आपणास काचबिंदू आहे हेच ठाऊक नसते. सर्वांगासन व हलासन यांत मानेच्या मणक्यांवर भार येतो. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ होत जातात. अशा स्थितीत पश्चिमोत्तानासनासारख्या पुढे वाकण्याच्या आसनात जोर लावल्यास पाठीचा मणका दबून मोडू शकतो. उंची कमी झाली असेल वा पाठीस बाक आला असेल, तर ही शक्यता गृहीतच धरावी. पाठ सरळ ठेवून केवळ कमरेतून थोडे झुकणे व मकरासनातून अल्पसे भुजंगासन करणे अशांना अधिक हितकर होय.

या जिल्ह्यांतील श्रमिक वृद्धाचा प्रश्न निराळाच आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या भागांत व गडचिरोली जिल्ह्यात भात हे मुख्य पीक असून रोवणीच्या दिवसांत स्त्रिया दिवसभर चिखलात कमरेतून वाकून असतात. मोहफुले वेचणे, तेंदूपाने तोडणे व त्यांचे पुडे बांधणे, सरपण आणणे ही कामेही वाकून किंवा उकिडवे बसून होतात. अशा व्यक्तीचे सांधे शहरी समवयस्कापेक्षा लवचिक असतात. ती सहज खाली बसते आणि ते पाहून शिक्षक तिच्याकडून अवघड आसने करवून घेण्याच्या मोहात पडतो. वस्तुतः तिचे गुडघे व कंबर झिजलेली असतात. आयुष्यभर पुढे वाकलेल्या पाठीला आणखी वाकण्याची गरज नसते. तिला हवे ते ताडासनातील ताणणे, खांदे मागे नेऊन छाती उघडणे, पाठीवर निजून पाय खाटेवर ठेवून घेतलेली विश्रांती आणि गुडघे वाकवून केलेले अर्धे सेतुबंधासन. गुडघे दुखत असल्यास पद्मासन वा वज्रासन यांचा आग्रह धरू नये. पाटावर, खाटेच्या काठावर किंवा खुर्चीवर बसून केलेले ध्यान तितकेच ग्राह्य असते. गुडघा किंवा खुबा बदललेला असल्यास मांडी घालून बसण्यापूर्वी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

तोल राखण्याचा अभ्यास वृद्धांना विशेष आवश्यक असतो. घराच्या भिंतीशी उभे राहून, एक हात भिंतीला लावून, एक पाय किंचित उचलणे हे वृक्षासनाचे पुरेसे रूप होय. हाताचा आधार न घेता खाटेवरून पाच-दहा वेळा उठणे-बसणे हे आसन म्हणून कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. पण मांड्यांचे बळ त्यानेच टिकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, दोन दिवस स्नायुबल वाढविणारा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व बळ यांवर भर देणारी हालचाल सुचविली आहे. योगातून यांपैकी तोल चांगला साधतो, बळ काही प्रमाणात. चालण्याची उणीव मात्र तो भरून काढीत नाही. शेतावर जाणाऱ्यास ती उणीव नसतेच. निवृत्त शिक्षक किंवा कारकून यांना ती असते.

*श्वसनक्रिया* : श्वास रोखून धरणे म्हणजे कुंभक. त्यात छातीतील दाब वाढून रक्तदाबात चढउतार होतात. म्हणून उच्च रक्तदाब, हृद्रोग वा अंतर्गळ असणाऱ्यांनी तो वर्ज्य करावा. भस्त्रिका व जोरकस कपालभाती यांनाही हेच लागू आहे. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या स्त्रियांत जुनाट खोकला व दम आढळतो. त्यांना कपालभातीने खोकल्याची उबळ येते. कुंभकाविना अनुलोम-विलोम, सावकाश दीर्घ रेचक व भ्रामरी या क्रिया बहुतेकांना मानवतात. वमन, शंखप्रक्षालन यांसारख्या शुद्धिक्रिया वृद्धांनी करू नयेत. शरीरातील पाणी व क्षार यांचा तोल बिघडून हृदय व मूत्रपिंडे यांना अपाय होतो. शवासनास आडवे होण्यापूर्वी तोंड रिकामे असल्याची खात्री करावी. खर्ऱ्याचा तोबरा तसाच ठेवून डोळे मिटणारे साधक येथे विरळ नाहीत.

*स्थळ व काळ* : ब्राह्ममुहूर्ताचा पारंपरिक नियम या भागात विवेकाने पाळावा लागतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास व ब्रह्मपुरी वनविभागात माणसांवर वाघाचे हल्ले होत आले आहेत. अंधारात गावाबाहेर जाऊन एकट्याने, खाली बसून वा वाकून अभ्यास करणे येथे अविचाराचे होय. घराची पडवी किंवा गावातील समाजमंदिर हीच योग्य जागा. चंद्रपूर शहर, घुग्घुस व बल्लारपूर या पट्ट्यात कोळसाखाणी, औष्णिक वीज केंद्र व कारखाने असून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ मधील पाहणीत चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली होती. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचून धूळ व धूर खालीच राहतात. त्या वेळी उघड्यावर दीर्घ श्वसन करण्यापेक्षा ऊन वर आल्यावर करणे इष्ट. उन्हाळ्यात याउलट, मे महिन्यात तापमान ४५° से. च्या वर जात असल्याने सूर्योदयाच्या सुमारास अभ्यास आटोपून पाणी प्यावे.

रिकाम्या पोटी अभ्यास करावा, या नियमाला मधुमेही अपवाद आहेत. इन्शुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी थोडे खाऊन आरंभ करावा व खिशात गुळाचा खडा वा साखर ठेवावी.

एवढी सावधगिरी बाळगल्यास वीस-तीस मिनिटांचा दैनंदिन अभ्यास वृद्धास निश्चित फलदायी होतो. तोल व हालचालीची क्षमता सुधारते, जुनी कंबरदुखी सुसह्य होते, झोप लागण्यास मदत होते. पडण्याचे प्रमाण योगाने घटते काय, हे मात्र अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. डॉ. अभय बंग यांनी स्वतःच्या हृदयविकारानंतर योग, ध्यान, आहार व व्यायाम यांनी जीवनक्रम कसा बदलला, हे माझा साक्षात्कारी हृदयरोग या पुस्तकात गडचिरोलीच्याच पार्श्वभूमीवर वर्णिले असून ते मराठीत पुष्कळ वाचले गेले. तेथेही योग आला तो औषधोपचारांच्या जोडीनेच.

अभ्यास करताना छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, असामान्य धाप किंवा घेरी आल्यास तत्काळ थांबावे. चेहरा एका बाजूस ओढला जाणे, एक हात वर न उचलणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे होत. अशा वेळी रुग्णास शवासनात निजवून वाट पाहू नये, तोंडात पाणी वा औषध घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि भामरागड किंवा सिरोंचासारख्या दूरच्या तालुक्यांत यांतील पुष्कळसा वेळ रस्त्यातच जातो.