हाड, पितळ की ग्राफाइट? गिटारच्या नटविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

इलेक्ट्रिक गिटारचा फिंगरबोर्ड जिथे संपतो आणि डोकं सुरू होतं, तिथे साधारण ४२-४३ मिलिमीटर लांबीची एक छोटी पट्टी आडवी बसवलेली असते. सहाही तारा तिच्या खाचांतून खुंट्यांकडे जातात. हाच नट. तारांमधलं अंतर आणि पहिल्या काही फ्रेट्सवरची त्यांची उंची त्याच्यावर अवलंबून असते. गिटार सुरात राहत नाही किंवा वाजवताना बोटं दुखतात अशी तक्रार केली, की ‘हाडाचा नट बसव’, ‘ग्राफाइटचा घे’ असे सल्ले लगेच मिळतात. ते कितपत खरे आहेत, ते पाहू.

गैरसमज १ : नट बदलला की गिटारचा सगळा आवाज बदलतो.

वस्तुस्थिती : तार फ्रेटवर दाबली की ती फ्रेट आणि ब्रिजवरचं सॅडल यांच्यामध्येच कंप पावते. नट त्या लांबीच्या बाहेर राहतो. त्यामुळे त्याच्या मटेरियलचा परिणाम शोधायचा तर मोकळ्या तारांतच शोधावा लागतो. मऊ प्लास्टिक आणि पितळ यांत मोकळ्या तारेचा फरक कानाला जाणवू शकतो. पण सोलो वाजवताना प्रत्येक सूर दाबलेला असेल, तर तिथे पिकअप, ॲम्प्लिफायर, तारा आणि वाजवणाऱ्याचा हात यांचंच राज्य असतं. म्हणून केवळ आवाज सुधारण्यासाठी नट बदलणाऱ्याची बहुधा निराशा होते.

गैरसमज २ : हाड सर्वोत्तम, कृत्रिम ते सगळं हलकं.

वस्तुस्थिती : फेंडरने १९५०च्या दशकात हाडाचे नट वापरले. त्याच दशकातल्या गिब्सन लेस पॉल गिटारना नायलॉनचे नट होते, आणि आज त्याच गिटारसाठी संग्राहक वाटेल ती किंमत मोजतात. हाड कडक असतं, टिकतं आणि कानशीने छान घडवता येतं, हे त्याचे खरे गुण. पण ते नैसर्गिक असल्याने प्रत्येक तुकड्याची घनता सारखी नसते. कोरिअन (Corian), मायकार्टा किंवा ग्राफ टेक कंपनीचं टस्क या कृत्रिम मटेरियलांत मात्र एकसारखेपणा मिळतो. टाळायचा तो स्वस्त गिटारवरचा आतून पोकळ, मऊ प्लास्टिकचा नट, कारण तारांमुळे त्याच्या खाचा लवकर झिजतात. नटासाठीचं हाड सहसा गुराढोरांचं असतं. ज्यांना प्राण्यांपासून मिळणारी वस्तू नको, त्यांनी चांगला कृत्रिम नट निर्धास्त निवडावा. त्यात ते काही गमावत नाहीत.

गैरसमज ३ : सूर सुटतो म्हणजे खुंट्या खराब.

वस्तुस्थिती : खुंट्यांवर पैसे घालण्याआधी एक गोष्ट ऐका. तार हळूहळू चढवताना नटापाशी ‘टिंग’ असा आवाज आला आणि सूर एकदम उडी मारून वर गेला, तर तार खाचेत अडकते आहे. बेंड केल्यावर ती पूर्ण जागेवर परतत नाही आणि बेसूर होते. लेस पॉलसारख्या गिटारचं डोकं मागे झुकलेलं असतं आणि खुंट्या दोन्ही बाजूंना तीन-तीन असतात. मधल्या डी आणि जी तारा नटातून निघाल्यावर बाहेरच्या बाजूला वळतात, म्हणून जी तारेविषयीची तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. खाच त्या वळणाच्या दिशेने थोडी मोकळी आणि आतून गुळगुळीत केली, तर बहुतेक वेळा त्रास मिटतो. तात्पुरता उपाय म्हणून खाचेत पेन्सिलीचं शिसं घासतात, आणि तो खरोखर उपयोगी पडतो.

गैरसमज ४ : ग्राफाइट किंवा घर्षण कमी करणारा नट बसवला की काम झालं.

वस्तुस्थिती : वंगणाचे कण मिसळलेल्या नटात घर्षण कमी होतं, हे खरं. व्हॅमी बार, म्हणजे ब्रिज हलवून सूर वर-खाली करणारा दांडा, सतत वापरणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो. पण खाच तारेपेक्षा अरुंद असेल, तर कोणतंही मटेरियल तार धरूनच ठेवणार. बारीक तारांच्या नऊच्या सेटसाठी कापलेल्या खाचांत जाड तारांचा अकराचा सेट चढवला, तर नेमकं हेच होतं. तारांची जाडी बदलताना खाचाही तपासायला हव्यात.

गैरसमज ५ : पितळ, रोलर, लॉकिंग म्हणजे वरचा दर्जा.

वस्तुस्थिती : ही वेगवेगळ्या गरजांची उत्तरं आहेत. पितळी नटाची १९७०च्या दशकात मोठी लाट होती. तो सहजी झिजत नाही, पण घडवायला कठीण. १९७९ साली पेटंट मिळालेल्या फ्लॉइड रोझ लॉकिंग पद्धतीत तारा नटापाशी घट्ट आवळल्या जातात, त्यामुळे तिथे घसरण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र तिचा अर्थ त्याच पद्धतीच्या ब्रिजसोबत. फेंडरच्या जेफ बेक स्ट्रॅटोकास्टरवर रोलर नट असतो, कारण गिटारवादक बेक यांचं वादनच व्हॅमी बारवर उभं होतं. ज्याचा ब्रिज जागचा हलतच नाही, त्याला यातलं काहीच अत्यावश्यक नाही.

गैरसमज ६ : तयार नट आणा, चिकटवा, वाजवा.

वस्तुस्थिती : तयार नटाच्या खाचाही तुमच्या गिटारनुसार जुळवाव्या लागतात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटकडे बघा. तिथे तारेखाली जेमतेम दिसेल एवढी फट हवी. फट मोठी असेल तर एफ कॉर्ड धरताना बोटं दुखतात आणि पहिल्या काही फ्रेट्सवरचे सूर चढे लागतात. फट अजिबात नसेल तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते.

खाचेचा उतारही तितकाच महत्त्वाचा. मिरजेचे सतार-तंबोऱ्याचे कारागीर घोडीचा पृष्ठभाग असा घासतात, की तार त्याला हलकेच स्पर्श करत राहते आणि जवारी खुलते. गिटारच्या नटात याच्या उलट हवं : तार फिंगरबोर्डकडच्या कडेवरून स्वच्छ सुटली पाहिजे. खाचेचा सर्वांत उंच बिंदू मागे राहिला, तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. तिथे नको असलेली जवारी तयार होते आणि दोष मात्र मटेरियलला दिला जातो.

आणखी एक. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषतं, मानेचा बाक बदलतो आणि तारांची उंचीही बदलते. अशा वेळी आधी मानेचा बाक सांभाळणारा तिच्यातला ट्रस रॉड तपासून घ्यावा, नटाचा विचार त्यानंतर.

मग निवड कशी करावी?

आधी आहे त्याच नटाच्या खाचा जाणकाराकडून दुरुस्त करून घ्या. अनेकदा तेवढ्यावर भागतं. नट बदलायचाच असेल, तर साध्या वाजवण्यासाठी हाड किंवा चांगला कृत्रिम नट, आणि व्हॅमी बार किंवा मोठ्या बेंडसाठी घर्षण कमी करणारा नट घ्या. फ्लॉइड रोझ ब्रिज असेल तरच लॉकिंग नट. खरेदीपूर्वी जुन्या नटाची लांबी, जाडी आणि तारांमधलं अंतर मोजा. फेंडरचा नट फिंगरबोर्डमध्ये कोरलेल्या साधारण ३.२ मिलिमीटरच्या खोबणीत बसतो, तर गिब्सनचा फिंगरबोर्डच्या टोकाला, आणि तो जास्त जाड असतो. एकाचा नट दुसऱ्याला चालत नाही. राहिलेले पैसे योग्य मापाच्या कानशी बाळगणाऱ्या कुशल कारागिराला द्या. त्याने नीट कापलेला साधा नट, चुकीच्या कापलेल्या महागड्या नटापेक्षा कितीतरी चांगला वाजतो.