जुगाऱ्याचा चरित्रपट कसा वाचायचा? स्टू अंगरच्या निमित्ताने

चरित्रपटावर संशोधन करायचं म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘यात खरं किती आणि खोटं किती?’ प्रश्न चुकीचा नाही, पण त्यावर प्रबंध उभा राहत नाही. त्याचं उत्तर एका तक्त्यात संपतं. डावीकडे घटना, उजवीकडे चित्रपटातला प्रसंग, शेवटच्या रकान्यात बरोबर किंवा चूक. तक्ता भरून झाला की गाईड विचारतात, ‘बरं, मग पुढे?’ आणि पुढे काहीच नसतं.

हे ‘पुढे’ कुठून काढायचं, ते एका उदाहरणावरून बघू. उदाहरण आहे अमेरिकेतला पत्तेबाज स्टू अंगर आणि त्याच्यावरचा २००३ सालचा चित्रपट ‘हाय रोलर: द स्टू अंगर स्टोरी’.

आधी माणूस

अंगरचा जन्म १९५३ चा, न्यूयॉर्कमधला. वडील बुकी. मुलाचा हात लहानपणीच ‘जिन रम्मी’वर बसला. हा खेळ म्हणजे आपल्या रम्मीचा भाऊबंदच, फक्त दोघांत खेळायचा. वडील गेले तेव्हा स्टू जेमतेम किशोरवयात होता. पुढे व्हिक्टर रोमानो नावाच्या, गुन्हेगारी जगात वजन असलेल्या माणसाने त्याला पाठीशी घातलं. स्टू जिनमध्ये इतका पुढे गेला की त्याच्याशी पैसे लावून खेळायला कोणी तयार होईना. मग तो लास व्हेगासला गेला आणि पोकरकडे वळला.

‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा त्याने १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ जिंकली. नंतर कोकेनचं व्यसन आणि कर्ज. १९९७ मध्ये बिली बॅक्स्टर या खेळाडूने त्याची दहा हजार डॉलरची प्रवेश फी भरली आणि अंगर तिसऱ्यांदा जिंकला. बक्षीस दहा लाख डॉलर, त्यातले अर्धे बॅक्स्टरचे. स्वतःच्या वाट्याचे अर्धे त्याने काही महिन्यांत उडवले. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी लास व्हेगासमधल्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मृत सापडला. वय ४५.

पहिला प्रश्न: कथा कुठून सांगितली आहे?

चित्रपटाचे दिग्दर्शक ए. डब्ल्यू. विडमर, अंगरच्या भूमिकेत मायकेल इम्पेरिओली. मरणाच्या आदल्या रात्री मोटेलच्या खोलीत अंगर एका अनोळखी माणसाला आपलं आयुष्य सांगतोय, अशी चौकट आहे. बाकी सगळं फ्लॅशबॅकमध्ये.

आता बघा, या एका निर्णयाने काय होतं. प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक असतो. त्यामुळे प्रत्येक विजय ‘पुढे हे सगळं जाणार’ या सावलीत दिसतो. कथेला चढ आणि उतार मिळतो. शिवाय सगळं त्याच्याच तोंडून येत असल्याने त्याला एक गोष्ट बहाल होते: मागे वळून स्वतःकडे नीट बघण्याची क्षमता. हे विधान आहे, आणि ते दिग्दर्शकाचं आहे. संशोधक म्हणून तुम्हाला पकडायचं आहे ते हे विधान.

माणसांची नावंही तपासा. चित्रपटातल्या पाठीराख्याचं नाव व्हिन्सेंट आहे, रोमानो नाही. नाव बदललं की कायद्याच्या दृष्टीने सोपं होतं, आणि दोन-तीन माणसं एका पात्रात मिसळायची मोकळीकही मिळते. नटाकडेही लक्ष द्या. इम्पेरिओली तेव्हा ‘द सोप्रानोज’ या माफियांवरच्या मालिकेत घराघरांत पोचलेला होता. प्रेक्षक ती भूमिका सोबत घेऊनच थिएटरात बसतो.

दुसरा प्रश्न: कथेचा आकार कशाला जागा देत नाही?

मला या विषयातली सगळ्यात महत्त्वाची जागा इथे वाटते.

चढ-उताराच्या कथेत आधी प्रतिभा असते, मग ऱ्हास, मग एक शेवटचा झळाळ. अंगरच्या आयुष्यात या गोष्टी एकामागून एक आल्या नाहीत, त्या एकत्रच होत्या. १९९० ची मुख्य स्पर्धा घ्या. तिसऱ्या दिवशी तो अमली पदार्थांच्या अतिसेवनाने हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडला. पण आधीच्या दोन दिवसांत त्याने चिप्सचा एवढा ढीग जमवला होता की, खुर्ची रिकामी असताना आणि प्रत्येक फेरीला सक्तीची रक्कम कापली जात असतानाही तो नववा आला. हा प्रसंग चढाचा म्हणायचा की उताराचा?

दुसरी गोष्ट. त्याचे पैसे पत्त्यांत गेलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. पत्त्यांत तो जिंकायचा. पैसे गेले घोड्यांवर, खेळांच्या सामन्यांवर, गोल्फच्या पैजांवर आणि अमली पदार्थांवर. म्हणजे जिथे त्याचं कौशल्य चालायचं तिथून पैसा यायचा आणि जिथे ते कामाचं नव्हतं तिथे जायचा. आपण दोन्हींना ‘जुगार’ हा एकच शब्द वापरतो आणि फरक बुजतो. कॅमेऱ्यालाही पत्त्यांचं टेबल आवडतं. चेहरे आहेत, चिप्स आहेत, शांतता आहे. बुकीला केलेल्या फोनमध्ये बघण्यासारखं काय असतं? साधा अभ्यास करा: घड्याळ लावून मोजा, चित्रपटाची किती मिनिटं टेबलावर जातात आणि किती बाकीच्या पैजांवर. हे आकडे तुमचा स्वतःचा डेटा आहेत.

तिसरा प्रश्न: व्यसनाची कुठली कल्पना वापरली आहे?

एक योगायोग लक्षात ठेवा. अंगर पहिल्यांदा जिंकला त्याच वर्षी, १९८० मध्ये, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती, म्हणजे डीएसएम-३, आली. ‘विकृत जुगार’ हे निदान तिच्यात पहिल्यांदा दाखल झालं, तेही आवेग आवरता न येण्याच्या विकारांत. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये ते तिथून उचलून दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांसोबत ठेवलं गेलं.

चित्रपट २००३ चा, या दोन टप्प्यांच्या मधला. मग विचारा: त्यात जुगार स्वभावदोष म्हणून येतो, आजार म्हणून, की प्रतिभेची किंमत म्हणून? ‘अलौकिक माणसं अशीच असतात’ ही तिसरी कल्पना लोकांना फार आवडते, आणि ती सगळ्यात धोक्याची आहे. आपल्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या ओळखीत मोबाइलवर पैसे लावणारा मुलगा असतो. चित्रपट त्याला काय सांगतो, हे तपासणं ही काही फक्त शैक्षणिक कसरत नाही.

याला जोडूनच निवडीचा मुद्दा. चरित्रपट तीनदा जगज्जेता झालेल्यावर निघतो. त्याच टेबलावर घर गमावून परत गेलेल्यावर निघत नाही. संशोधनपद्धतीच्या पेपरात आपण शिकतो की फक्त यशस्वी नमुने घेतले तर निष्कर्ष झुकतो. इथे नमुना निवडणारा निर्माता असतो, एवढाच फरक.

साधनं कशी लावायची?

क्रमाने. सर्वात जवळचं साधन म्हणजे १९९७ च्या अंतिम फेरीचं टीव्ही चित्रण. ती फेरी लास व्हेगासच्या फ्रीमाँट स्ट्रीटवर उघड्यावर खेळली गेली. खेळाडूंची झाकलेली पानं प्रेक्षकाला दाखवणारा कॅमेरा तेव्हा या स्पर्धेत आलेला नव्हता, त्यामुळे ‘त्याने समोरच्याचं मन वाचलं’ असं वाटत असेल, तर ते पानांवरून वाटतंय की समालोचनावरून, हे विचारा. शेवटचा डाव तर जरूर बघा. सगळ्या चिप्स मधे गेल्या तेव्हा अंगरची पानं जॉन स्ट्रेम्पच्या पानांपेक्षा कमजोर होती. शेवटचं पान दुर्री आलं, त्याची सरळ ओळ लागली आणि तो जिंकला. पुनरागमनाच्या कथेतला कळसाचा क्षण नशिबाने घडवलेला आहे.

त्यानंतर नोलन डाला आणि पीटर अल्सन यांचं २००५ चं चरित्र. डाला यांनी अंगरशी तो हयात असताना बोलून घेतलं होतं. मग ईएसपीएनचा २००६ चा माहितीपट. साल बघितलंत? काल्पनिक चित्रपट या दोन्हींच्या आधी आला. म्हणजे ‘चित्रपटाने चरित्राशी प्रतारणा केली’ असं लिहिता येणार नाही. उलट विचारता येईल की नंतरच्या दोन्ही कृतींनी चित्रपटाचाच आकार उचलला का?

आणि दंतकथा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. १९७७ मध्ये बॉब स्टूपाक या कॅसिनोवाल्याशी एक लाख डॉलरची पैज लागली आणि अंगरने सहा कॅट लक्षात ठेवून शेवटचं पान ओळखलं, ही गोष्ट सगळीकडे सापडते. दहा ठिकाणी सापडणं म्हणजे दहा पुरावे नव्हेत. दहाही जण एकाच ठिकाणाहून उचलत असतील, तर पुरावा एकच.

आता सिनॉप्सिसमध्ये प्रश्न कसा लिहाल? ‘अंगरच्या चरित्रपटातील सत्यासत्यता’ असं नको. ‘समान साधनसामग्रीतून चित्रपट, चरित्र आणि माहितीपट हे तीन प्रकार व्यसनाचं कारण कुठे ठेवतात: माणसात, परिस्थितीत की खेळात?’ असं लिहा. या प्रश्नाला तुलना आहे, मोजता येईल असं काही आहे, आणि उत्तर आधीपासून ठाऊक नाही.

एक शेवटचं. अंगरला मुलगी आहे. त्याच्यावर लिहिताना हे विसरू नका. चरित्रपटातली ‘पात्रं’ आपल्याला विश्लेषणापुरती असतात, पण त्या आडनावाची माणसं अजून आहेत आणि तुमचा पेपर नेटवर सापडला तर वाचूही शकतात. नैतिक परवानगीचा फॉर्म भरताना हा मुद्दा आठवला, तरी पुरे.